गच्चीवरचे शुभेच्छुक

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. हे मी गेल्या महिन्यात इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय, की आता झोपेतही तेच बडबडतो असं आमची ही म्हणते. पण कोणी विश्वास ठेवेल तर शपथ! भाजीवाला मला भाजी देताना 'काका, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?' असं विचारतो. अहो, मी विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला माणूस. मी कुठल्याच बाजूचा नसतो, हेच तर माझं आयुष्यभराचं भांडवल.

आता बाजू कुठल्या, ते सांगतो. आमच्या वसईला मधोमध रेल्वेचे रूळ आहेत. रुळांच्या पश्चिमेला, भुईगावकडे, दर्या एफसी नावाचा क्लब, निळी जर्सी. पूर्वेला, आमच्या गोखिवऱ्यात, डोंगर युनायटेड, हिरवी जर्सी. दोन्हीकडचे खेळाडू पगार घेऊन खेळतात आणि दोन्हीकडची माणसं पगार न घेता भांडतात. या दोघांची मॅच असली की उड्डाणपुलावर पोलीस उभे राहतात. एरवी त्याच पुलावर खड्ड्यात दुचाकी अडकली तरी चिटपाखरू फिरकत नाही, पण ते असो.

आमची मुलगी क्षितिजा फिजिओथेरपिस्ट. तिला हॉस्पिटलात चांगली नोकरी मिळत होती, पण तिने डोंगर युनायटेड धरलं. सहा महिने प्रोबेशन. खेळाडूच्या मांडीचा स्नायू आखडला की ही धावत मैदानात जाणार, फवारा मारणार, दाबणार, आणि तो पुन्हा पळायला लागला की हिचा चेहरा असा फुलणार, जसं काही गोल हिनेच केलाय. त्या पोरीला एवढं खूश मी दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं. त्या सोमवारी क्लबची कमिटी बसून तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार होती. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, दर्या विरुद्ध डोंगर.

अशा नाजूक आठवड्यात मी आपला मुकाट्याने पेपर वाचत बसलो असतो तर काही झालं नसतं. पण आमचं छप्पर गळत होतं.

आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. घेताना बिल्डर म्हणाला होता, ''टॉप फ्लोअर घ्या साहेब, डोक्यावर कोणाचा त्रास नाही.'' खरंच, कोणाचा नाही. फक्त पाण्याचा. परतीचा पाऊस सुरू झाला आणि बेडरूमच्या छतातून थेंब पडायला लागले, तेही बरोबर माझ्या उशीवर. आमच्या हिची, म्हणजे आशालताची, उशी कोरडी ठणठणीत. मी पलंग सरकवला, तर थेंबही सरकला. ''तुमचं डोकंच तसं आहे,'' ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मी सोसायटीकडे अर्ज केला. आमचे चेअरमन अर्ज हातात घेतल्यावर आधी त्याचा वास घेतात की काय असं वाटावं इतके जवळून वाचतात. वाचून म्हणाले, ''गळती गच्चीतूनच होते कशावरून?''

''मग कुठून होणार? वर आभाळ आहे आणि मध्ये गच्ची.''

''तुमच्याच फ्लॅटमधली वाफ वर जाऊन थंड होऊन खाली पडत असेल. तुमच्याकडे डाळ-भात रोज असतो ना?''

जन्मभर मी भात खातोय; तो उशीवर पडेल असं कधी वाटलं नव्हतं. शेवटी ठरलं असं, की दुरुस्तीचा विषय वार्षिक सभेत येईल, तोवर मी स्वखर्चाने गच्चीवर आच्छादन घालावं. त्यालाही ना-हरकत पत्र, आणि त्यात अटी. खिळे मारायचे नाहीत. विटा स्वतःच्या आणायच्या. आणि एकदा घातलेलं आच्छादन व्यवस्थापक समितीच्या परवानगीशिवाय हलवायचं नाही, कारण मागे कोणीतरी कोणाची तरी गोधडी हलवली होती आणि प्रकरण पोलिसात गेलं होतं. गच्चीची चावी चेअरमनसाहेबांच्या जानव्याला. म्हणजे अगदी जानव्याला नाही, पण तशीच.

मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, डांबर ओता. तिसऱ्यावरचे म्हणाले, डांबर चुकूनही ओतू नका, आमच्या मेव्हण्याने ओतलं आणि त्याचं घटस्फोटापर्यंत गेलं. तळमजल्यावरचे रामनाथ म्हणजे इथले मूळचे. आमची बिल्डिंग ज्या भातशेतीवर उभी आहे ती त्यांच्या घरची. ते ओट्यावर बसून शांतपणे म्हणाले, ''जयवंतभाऊ, पानी हाय ते. इथं आमचं खाचर होतं, तवापास्नं त्याला वाट म्हाईत हाय. आता तुमी मधी बिल्डिंग घातली, त्याला ते काय करनार?'' खाचर जमिनीवर होतं आणि माझी उशी सातव्या मजल्यावर, हे उत्तर मला नंतर जिन्यात सुचलं.

आणि मग आला बॅप्टिस्ट. बॅप्टिस्ट माझ्या ऑफिसातला, भुईगावचा. वाडी आहे, केळी आहेत, आणि दर वर्षी आमच्याकडे वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पोचवणारा देवमाणूस. तो म्हणाला, ''प्लास्टिक विकत घेतोस? वेडा की खुळा? फ्लेक्स घे. माझ्याकडे आहे एक भलं मोठं. आमच्या क्लबचं, गेल्या सीझनचं. पेंढ्यावर घातलं होतं, आता पेंढा संपला.''

आपल्याकडे फ्लेक्सचं खरं आयुष्य खाली उतरल्यावर सुरू होतं, हे जाणकारांना सांगायला नको. चौकात ते चार दिवस वाढदिवस साजरा करतं आणि मग पुढची पाच वर्षं कोणाची रिक्षा झाकतं, कोणाचा गोठा, कोणाची कोंबडी. आमच्या आळीतला इस्त्रीवाला एका माजी नगरसेवकाच्या हसऱ्या चेहऱ्याखाली उभा राहून संसार करतोय. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, फुकट मिळालं म्हणून मी मनात बॅप्टिस्टला आशीर्वाद दिला.

गुरुवारी टेम्पोतून फ्लेक्स आलं. बॅप्टिस्टने सोबत सुकेळीचा पुडाही पाठवला होता. दोन माणसांनी ते भेंडोळं जिन्याने चढवलं, चेअरमनसाहेबांनी गच्ची उघडून दिली आणि विटा मोजून घेतल्या. आम्ही ते उलगडायला लागलो. उलगडतंय, उलगडतंय, संपेचना. वर काय छापलंय ते इतकं मोठं, की जवळून काही कळायला मार्ग नाही. माझ्या पायाखाली एक कान होता. पलीकडे निळ्या रंगाचा एक भला थोरला उभा दांडा, तो आकडा आहे की खांब आहे की माणसाची तंगडी, कोण सांगणार? फक्त खालच्या कडेला शुभेच्छुकांची रांग होती, ती मात्र ओळखू येत होती. गॉगल, मिशी, गॉगल, मिशी, आणि शेवटून तिसरा आमचा बॅप्टिस्ट! कोट घालून, गालावर हात ठेवून.

''बरं, आता उलटं करा,'' मी म्हणालो. ''छापलेली बाजू खाली घालतात बहुतेक.''

''काय?'' आशालता कडाडली. ''बॅप्टिस्टभाऊंना पालथं घालणार?''

''अगं, फोटो आहे तो.''

''फोटो असला म्हणून काय झालं? जिवंत माणूस आहे! काल माझ्याशी फोनवर बोलले. जिवंत माणसाचं तोंड असं जमिनीत खुपसतात का? वर आपण विटा ठेवणार, त्यावरून चालणार! त्यांच्या बायकोला कळलं तर काय म्हणेल? आणि सुकेळी कोणत्या तोंडाने खाणार तुम्ही?''

सुकेळीचा पुडा खाली टेबलावर होता. चेअरमनसाहेबांनीही मान डोलावली. त्यांच्या मते माणसाच्या चेहऱ्यावर पाय पडणं सोसायटीच्या उपविधीत बसत नव्हतं. तेव्हा फ्लेक्स उताणं घालायचं ठरलं, आणि विटा कोणाच्या नाकाडोळ्यावर येणार नाहीत अशा बेताने ठेवायच्या. बॅप्टिस्टच्या कपाळाशी आम्ही वीट जराशी बाजूला सरकवली. आशालताने त्याच्या कोटावरची धूळही पुसली. त्या रात्री पाऊस धो धो पडला आणि माझी उशी कोरडी राहिली. काय झोप लागली म्हणून सांगू! सुखाची अशी झोप मला पुढे बरेच दिवस मिळणार नव्हती.

शनिवारी सकाळी क्षितिजा फोन हातात घेऊन बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

''बाबा, आपल्या गच्चीवर काय आहे?''

''आच्छादन.''

''बाबा, हे बघ.''

आमच्यासमोर नवा टॉवर झालाय. त्याच्या वरच्या मजल्यावरून कोणीतरी फोटो काढला होता. फोटोत आमची बिल्डिंग, आणि बिल्डिंगच्या डोक्यावर, अख्ख्या गोखिवऱ्याने वाचावं इतक्या ठळक निळ्या अक्षरांत: 'दर्या ४ – डोंगर ०. मोजता येतं ना?' मधोमध दर्याचे खेळाडू बोटं दाखवून हसताहेत. खाली शुभेच्छुक. माझा तो निळा दांडा म्हणजे 'दर्या'चा काना होता.

गेल्या वर्षीचा निकाल! डोंगरच्या घरात, डोंगरच्या मॅचच्या आदल्या दिवशी, डोंगरच्या फिजिओच्या छपरावर! फोटोखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'फिजिओ आपली, छप्पर त्यांचं'. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. मी बॅप्टिस्टला फोन लावला.

''अरे, हे काय पाठवलंस तू?''

''काय म्हणजे? फ्लेक्स.''

''त्यावर काय लिहिलंय ते सांगायचं नाही?''

पलीकडून बॅप्टिस्टचा घाबरलेला आवाज आला, ''जयवंत... तू सुलटं घातलंस? अरे देवा! सुलटं कोण घालतं? सगळे उलटंच घालतात! माझ्या पेंढ्यावर वर्षभर उलटं होतं!''

''तुझा चेहरा होता ना त्यात!''

''म्हणून काय झालं?''

मी फोन आशालताकडे दिला. तिने तो बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. नवऱ्याच्या आयुष्यात जिंकण्याचे क्षण फार थोडे येतात, आणि आला तेव्हा मला त्याची मजाही घेता आली नाही.

तेवढ्यात क्षितिजाला क्लबमधून विनिता मॅडमचा फोन आला. विनिता मॅडम म्हणजे डोंगरच्या मॅनेजर. क्षितिजा नुसतं 'हो मॅडम, नाही मॅडम' करत होती. फोन ठेवून ती खुर्चीत बसली. ''सोमवारी कमिटीला मी काय सांगू, म्हणतात. खेळाडू विचारताहेत. आमच्या सीनियर फिजिओला डेंग्यू झालाय म्हणून उद्या मला बेंचवर बसवताहेत, नाहीतर तेही नसतं. बाबा, मी आधी घरी का नाही बघितलं वर जाऊन?'' आणि ती रडायला लागली. लहानपणी पडली की ती आधी रडायची नाही, गुडघा फुंकायची. आता मात्र ढसाढसा रडत होती, आणि कारण मी. मला इतकं वाईट वाटलं, की मी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतच गच्चीकडे धावलो.

गच्चीला कुलूप. चेअरमनसाहेबांकडे गेलो, तर ते पितृपक्षाचं काहीतरी करायला सावंतवाडीला! फोन लावला. मागे कावळे ओरडत होते.

''चावी? ती माझ्याजवळ आहे.''

''साहेब, ते आच्छादन काढायचंय. ताबडतोब!''

''ना-हरकत पत्र बघा. समितीच्या परवानगीशिवाय हलवायचं नाही.''

''मग द्या ना परवानगी!''

''तोंडी? जयवंतराव, मी सरकारी खात्यातून निवृत्त झालोय. बुधवारी आलो की बोलू.'' आणि पिंडाला कावळा शिवला म्हणून त्यांनी फोन ठेवला.

इकडे खाली गेटपाशी हिरव्या जर्सीतली पोरं जमायला लागली होती. त्यांचा पुढारी चिराग, आमच्या रामनाथांचा पुतण्या. डोंगरच्या मैदानात जो सगळ्यात उंच स्टँड आहे त्याला 'कडा' म्हणतात, आणि त्या कड्यावरचा ढोल चिरागच्या गळ्यात. तो खालून ओरडत होता, ''फ्लेक्स उतरवा! गद्दार बिल्डिंग, हाय हाय!'' बिल्डिंगमधली निम्मी माणसं बाल्कनीत येऊन बघत होती आणि प्रत्येक जण बोट दाखवून खात्रीने सांगत होता, की ते आमचं नाही, वरच्या मजल्यावरच्यांचं आहे.

रामनाथ हातोडी घेऊन वर आले. ''चला, जयवंतभाऊ. कुलुप काय, नवं येतंय.'' दोन घावांत कुलूप पडलं. मनात आलं, आता उपविधी, पोलीस, वार्षिक सभा, सगळंच लागणार. पण क्षितिजाचं रडणं कानात होतं.

मी म्हणालो, आपण फ्लेक्स काढायला नको, उलटं करूया. कारण माणूस कितीही अडचणीत असला तरी त्याला आपली उशी आठवते. विटा काढल्या. एका टोकाला मी, एका टोकाला रामनाथ, मध्ये आशालता, बॅप्टिस्टभाऊंच्या रांगेपाशी. तिला अजून त्यांची काळजी होतीच. आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. आभाळ काळं झालंच होतं. फ्लेक्सच्या पोटात वारा शिरला, ते शिडासारखं फुगलं, माझ्या हाताला एक हिसका बसला आणि मी सुटलो. रामनाथ आणि आशालताही सुटले. दर्या एफसीची अख्खी टीम शुभेच्छुकांसकट कठड्यावरून उडाली, हवेत एकदा डौलाने गिरकी घेतली, आणि खाली घोषणा देणाऱ्या चिराग मंडळींच्या अंगावर जाऊन पसरली.

''अरे बापरे!'' आशालता म्हणाली. ''लागलं का कोणाला?''

लागलं नाही कोणाला. पण त्याच क्षणी पाऊस कोसळला. परतीचा पाऊस म्हणजे बादल्या ओतल्यासारखा. खाली काय झालं, ते मी कठड्यावरून वाकून बघितलं. ती सगळी पोरं फ्लेक्सच्या खाली होती, त्यांना ढोल भिजवायचा नव्हता, आणि आपल्या डोक्यावर काय आहे याचा विचार न करता त्यांनी दोन्ही हातांनी ते फ्लेक्स डोक्यावर छत्रीसारखं धरलं. छापलेली बाजू वर! मग ती सगळी वरात तशीच रामनाथांच्या ओट्याकडे निघाली. वरून बघावं तर, डोंगरचे सगळे कट्टर समर्थक दर्याचा झेंडा डोक्यावर मिरवत चाललेत आणि आतून ढोलाचा आवाज येतोय. समोरच्या टॉवरवाल्याने हाही फोटो काढला. त्या माणसाला दुसरं काही काम असेल असं मला वाटत नाही.

घटकाभरात सगळ्या वसई-विरारला तो फोटो मिळाला. पुलापलीकडे भुईगावात म्हणे लोकांनी बेकरीत पाव घेता घेता एकमेकांना दाखवून हसून घेतलं. चिराग ओला गच्च होऊन आमच्या दारात उभा राहिला.

''काका, आता मला तोंड दाखवायला जागा नाही राहिली.''

''ये, आत ये. टॉवेल देतो.''

''काका, सगळे बोलतात, कडा विकला गेला. आणि आमच्यात कोण बोलतोय, की फिजिओच्या बापाने वरून मुद्दाम फेकून मारलं.''

''मी? मुद्दाम? अरे, माझ्या हाताचं सालपट गेलंय बघ!''

आशालताने त्याला चहा आणि सुकेळी दिली. ती खाऊन तो जरा शांत झाला आणि विचार करून म्हणाला, ''काका, एकच मार्ग आहे. उद्या तुम्ही आमच्या कड्यावर बसायचं. हिरवी जर्सी घालून. माझ्या शेजारी. सगळ्यांनी बघितलं पाहिजे. मग माझंही नाव साफ, ताईचंही.''

''मी जर्सी घालू? या वयात?''

''बाबा, घाल,'' आतून क्षितिजा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. ''प्लीज.''

मग काय! रविवारी दुपारी मी जर्सी घातली. चिरागकडे माझ्या मापाची नव्हती. होती ती त्याच्या मापाची, आणि चिरागच्या पोटात तेव्हा फक्त सुकेळी होती. माझं पोट खालून डोकावत राहिलं. मागे 'वाघ' असं लिहिलेलं. ती चढवायला आशालता आणि रामनाथ दोघं लागले. बिल्डिंगमधून चालत निघालो, तर बायका बाल्कनीत आल्या. अठ्ठावीस वर्षं मी इस्त्रीच्या शर्टाशिवाय जिना उतरलो नव्हतो.

कड्यावर मला पुढच्याच रांगेत बसवलं. लोक वळून वळून बघत होते. समोरच्या निळ्या स्टँडमध्ये बॅप्टिस्ट दिसला. मी मान खाली घातली. पण त्याने मला ओळखलंच, दोन्ही हात वर करून ओरडला, ''अरे जयवंत! जयवंत! रागावलास काय?'' चिरागने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बॅप्टिस्टला ओळखत नाही असं भासवत मैदानाकडे बघायला लागलो. खाली बेंचच्या टोकाला क्षितिजा पिशवी मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. शेजारच्या खेळाडूने दोन खुर्च्या सोडल्या होत्या.

मॅच कशी झाली ते मला विचारू नका. चेंडू इकडे गेला की कडा ओरडायचा, तिकडे गेला की ते ओरडायचे, आणि मी चिराग ओरडेल तेव्हा ओरडायचो. एकदा चुकून भलत्या वेळी ओरडलो, तेव्हा त्याने माझा गुडघा दाबला.

शेवटी शेवटी दर्याला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत आला, दोघं एकदम उडाले, आणि डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. दोघंही पडले. आमच्यातला एक कपाळ धरून लोळत होता, बोटांतून रक्त येत होतं, जोरजोरात ओरडत होता. दुसरा दर्याचा सेबॅस्टियन, एकोणीस-वीस वर्षांचं पोर. तो जसा पडला तसाच पडून राहिला. दर्याचा फिजिओ मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी घोटा बांधत होता.

फिजिओला मैदानात जायला रेफ्रीची खूण लागते म्हणे. क्षितिजा खुणेची वाट न बघता धावली. आमच्या ओरडणाऱ्या खेळाडूपाशी पोचली, त्याच्याकडे एक नजर टाकली, आणि त्याला ओलांडून पुढे गेली. सेबॅस्टियनकडे.

कड्यावर जे काय उसळलं! ''आपला बघ! आपला पडलाय! तिकडं कुठं चालली?'' माझ्या मागून कोणीतरी ओरडलं, ''छप्पर त्यांचं ना, तिकडंच जाणार!'' चिराग उठून उभा राहिला. माझे कान तापले. मीही उठलो, आणि काय करतोय ते कळायच्या आत सगळ्या कड्याकडे तोंड करून ओरडलो, ''गप्प बसा! तिला तिचं काम करू द्या!'' माझा आवाज चिरका झाला होता. जर्सी बगलेत फाटली. पण कडा गप्प झाला. कदाचित 'वाघ' लिहिलेला माणूस चिडलेला बघून झाला असेल, किंवा खाली जे चाललं होतं ते बघून.

क्षितिजा गुडघ्यावर बसली होती. तिने त्या पोराची मान हलू न देता दोन्ही हातांनी त्याचा जबडा पुढे ओढला होता आणि तसाच धरून ठेवला होता, आणि रेफ्रीला ओरडून काहीतरी सांगत होती. कोणी बोलत नव्हतं. निळा स्टँड नाही, हिरवा नाही. त्या निळ्या गर्दीत बॅप्टिस्टने छातीवर क्रॉस केला. मी आपला गणपतीला म्हणालो, बाबा रे, उशी भिजू दे, घर भिजू दे, पण त्या पोराला उठव.

आणि सेबॅस्टियन खोकला. त्याचा हात हलला. क्षितिजाने वर बघितलं. तिचा चेहरा तसा फुलला जसा फुलतो. मग स्ट्रेचर आलं, दर्याचा फिजिओ धापा टाकत पोचला, आणि तिने त्याला मानेला कुठे धरायचं ते दाखवलं. स्ट्रेचर उचललं तेव्हा सेबॅस्टियनने अंगठा वर केला. निळा स्टँड उठून टाळ्या वाजवायला लागला. मग चिरागने ढोलावर एक थाप मारली. मग दुसरी. आणि कडाही उठला. आमच्या जखमी खेळाडूनेच कपाळाला रुमाल लावून पहिली टाळी वाजवली होती, असं मला नंतर कळलं. तो म्हणे आधीपासूनच तिला ओरडून सांगत होता, माझं राहू दे, त्याला बघ. आम्हाला वाटलं, तो दुखतंय म्हणून ओरडतोय.

टाळ्या संपतात न संपतात तोच रेफ्री खिशात हात घालून क्षितिजापाशी गेला आणि तिला पिवळं कार्ड दाखवलं. विनापरवानगी मैदानात शिरल्याबद्दल! सगळं पुन्हा पाण्यात. आधी फ्लेक्स, मग हे कार्ड. सोमवारी कमिटीला दोन विषय झाले.

मॅच शून्य–शून्य सुटली. एवढ्या भांडणानंतर एखादा तरी गोल व्हायला हवा होता असं माझं मत, पण मला कोण विचारतो? मी धक्के खात मागच्या गेटपाशी गेलो. तिथे विनिता मॅडम उभ्या होत्या, फोनवर कोणाशी तरी बोलत. मी घरी घोकून आणलेलं म्हणायला सुरुवात केली, ''मॅडम, मी क्षितिजाचा बाप. त्या फ्लेक्सबद्दल आणि आता या कार्डाबद्दल—''

मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. फोन ठेवला. माझ्या फाटलेल्या बगलेकडे, पोटाकडे, मग चेहऱ्याकडे बघितलं. ''तो मुलगा शुद्धीवर आहे. हॉस्पिटलातून फोन होता. डॉक्टर म्हणाले, मैदानात जबडा धरला नसता तर कठीण होतं.''

''पण ते कार्ड...''

''काका, पिवळं कार्ड काय प्रोबेशनवरच्या माणसाला असतं होय?'' आणि त्या हसल्या. ''कमिटी सगळी इथेच बसली होती. खुर्च्यांवर उभी होती, खरं तर. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं म्हणाले.''

मी काहीतरी विचारणार, तेवढ्यात आतून क्षितिजा आली. गुडघ्यांना चिखल, हातावर कोणाचंतरी रक्त, केस विस्कटलेले. मला बघून ती थबकली. मी म्हटलं, ''अगं, तो आपला ओरडत होता तर तू त्याला सोडून—''

''जो ओरडतोय तो श्वास घेतोय, बाबा,'' ती म्हणाली. ''काळजी गप्प पडलेल्याची करायची.'' आणि मग माझ्या जवळ आली. ''बाबा, मी कन्फर्म झाले.''

दोन दिवस छातीवर जी वीट घेऊन फिरत होतो ती उतरली, आणि मला एकदम भडभडून आलं. मी तिला जवळ घेतलं आणि भर गेटात, निळ्या-हिरव्या गर्दीसमोर रडायला लागलो. पण ती जर्सी अशी घट्ट, की नीट हुंदकाही देता येईना. अर्धा हुंदका आला की गळ्यात अडकायचा आणि उचकी लागायची. क्षितिजाने माझ्या पाठीवर हात ठेवला, मला सरळ उभं केलं, आणि तिच्या त्या कामातल्या आवाजात म्हणाली, ''बाबा, आधी नाकाने श्वास घे. हां. आता सोड. हळू. आता रड.''